फेगडे नानांचा फोर्क

फेगडे नानांवर काहीतरी लिही, असं मला आतापर्यंत तिघाचौघांनी सांगितलं. प्रत्येक वेळी मी "हो हो, लिहिते ना" म्हटलं आणि विषय बदलला. लोकांना वाटतं, बाईला वेळ नाही. वेळ आहे हो. हिंमत नव्हती. नाना गेले त्याला या उन्हाळ्यात वर्ष झालं. त्यांच्याबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मध्येच कुठेतरी माझं नाव येतं, 'त्यांच्या साहेबांनी शिकवलं म्हणून जमलं त्यांना' असं. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तर नाना. जळगावात आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर. मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करते. नाना दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. सगळी नोकरी तिथेच झाली आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून इकडे आले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. क्वार्टर सोडलं तरी कंट्रोल रूम त्यांच्या अंगातून काही गेली नाही. घरातला गीझर दुरुस्तीला काढला तर त्याच्या बटणावर दोऱ्याने पुठ्ठा लटकवायचे, 'काम चालू आहे, हात लावू नये'. घरात माणसं दोनच, ते आणि काकू. पण पुठ्ठा पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि दुसरी सवय म्हणजे सांगितलेलं परत म्हणून दाखवणं. कंट्रोल रूमला म्हणे फोनवर हुकूम आला की तो आधी शब्दन् शब्द परत म्हणायचा, पलीकडून 'बरोबर' आलं की मगच बटण दाबायचं, आणि लगेच लॉगबुकात वेळ लिहून कोणाच्या सांगण्यावरून दाबलं तेही लिहायचं. नाना दूधवाल्यालाही सोडत नसत. "उद्या नको, परवा दोन लिटर. म्हण बरं परत." दूधवाला बिचारा सायकलवर एक पाय टाकून परत म्हणायचा. मी एकदा हसले तर म्हणाले, "हस बाई. पण याने काय होतं माहीत आहे का? माणसाला शांत झोप लागते. काय झालं, कोणी सांगितलं, सगळं कागदावर असतं."

एरवी ते मला 'तू' म्हणायचे. चहाला बोलावलं तर "ये गं". पण कम्प्युटरचं काम निघालं की त्याच तोंडाने "साहेब, तुम्ही" सुरू. मी म्हटलं, नाना, अहो मी बाई आहे आणि तुमच्या मुलीएवढी आहे. तर म्हणाले, "शिफ्ट इन्चार्जला साहेबच म्हणतात. त्यात बाई-माणूस नसतं."

सिंधुकाकू यावलच्या. बोलक्या इतक्या, की तळमजल्यावर त्या भाजीवालीशी भांडल्या तर मला वर मीटिंगमध्ये माइक बंद करावा लागे. त्या बाईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, डोक्यात सगळं लख्ख. तोंडातून मात्र "दे दे दे" एवढंच यायचं. नाना समोर बसून एकेक विचारायचे. चहा? पाणी? पंखा? उशी? काकूंना हवं असायचं तिसरंच काही, आणि मग त्या डाव्या हाताने चमचा भिरकावून द्यायच्या आणि रडायच्या. दुःखाने नव्हे, संतापाने. तो चमचा पडल्याचा आवाज मला वरपर्यंत यायचा.

मी त्यांना एक ॲप दाखवलं. खरं सांगायचं तर आपल्या परीने काहीतरी केल्याचं समाधान मिळावं म्हणून दाखवलं. फुकटचं, ओपन सोर्स. बोलता न येणाऱ्या माणसाने चित्राला बोट लावायचं, की फोन ते बोलून दाखवतो. काकूंनी पहिल्याच चित्राला बोट लावलं. चित्र होतं गोऱ्या लोकांच्या टबाचं, आणि फोनमधली बाई म्हणाली, "कृपया, मला स्नान करावयाचे आहे." काकूंनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि फोन पालथा घातला.

"हे बदलता येतं का गं?" नानांनी विचारलं.

"ओपन सोर्स आहे नाना. फोर्क करा की!" असं म्हणून मी जिना चढले. हा माझा स्वभाव. तोंडावर एक शब्द फेकायचा आणि चालू लागायचं.

दोन दिवसांनी नाना वही घेऊन दारात. "साहेब, फोर्क म्हणजे नेमकं काय?" मी सांगितलं, दुसऱ्याने केलेल्या सॉफ्टवेअरची एक प्रत आपल्या नावावर घ्यायची. मग त्या प्रतीत काहीही उलथापालथ करा, मूळ मालकाच्या प्रतीला धक्का लागत नाही. नानांनी ते परत म्हणून दाखवलं, लिहून घेतलं आणि विचारलं, "परवानगी कोणाची घ्यायची?"

"कोणाचीच नाही."

"असं कसं? दुसऱ्याच्या पॅनलला परमिटशिवाय हात लावायचा?"

मी डोकं आपटून सांगितलं, ऐकले नाहीत. ते ॲप करणारी बाई कुठल्या तरी थंड देशातली. तिला नानांनी इंग्रजीत रीतसर विनंती अर्ज पाठवला. विषय काय, संदर्भ काय, आपणास विनंती की, आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक'. नवव्या दिवशी उत्तर आलं. बाईने लिहिलं होतं की तुम्हाला माझ्या परवानगीची गरजच नाही, हीच तर यातली गंमत आहे, आणि तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. नानांनी त्या उत्तराची प्रिंट काढून तिला प्लॅस्टिकचं आवरण घातलं. मगच मला फोन केला. "साहेब, फोर्कचं बटण समोर आहे. दाबू का?"

"दाबा नाना."

"दाबलं. दहा वाजून वीस मिनिटं."

प्रोग्रॅमिंगचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. शिकायचंही नव्हतं. त्यांनी एवढंच हेरलं की अवतरणचिन्हांच्या आत जे लिहिलेलं असतं तेच फोन बोलतो. "आतलं आपलं, बाहेरचं त्यांचं," म्हणायचे. स्क्रीनला फूटपट्टी लावून एकेक ओळ वाचायचे. एकदा एक कंस पुसला गेला आणि ॲप उघडेना, तर तीन दिवस फूटपट्टी सरकवत बसले. मला सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम. "तुम्ही ड्युटीवर होता," म्हणाले. तिसऱ्या दिवशी कंस सापडला तेव्हा पेढे घेऊन वर आले.

प्रत्येक बदलासोबत काय केलं ते एका ओळीत लिहायचं असतं. आम्ही लोक तिथे काहीही खरडतो. नाना लॉगबुकाच्या थाटात लिहायचे, 'स्नान काढून आंग धुवाचं टाकले. तपासले. सर्व नॉर्मल.' मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि हशा मिळवला. हेही सांगून टाकते, एवीतेवी सांगायला बसलेच आहे तर.

शब्द झाले, पण ती फोनमधली बाई काकूंना पसंत पडेना. तेव्हा नानांना अक्का आठवली. काकूंची थोरली बहीण, यावललाच दिलेली, केळीच्या बागेत राबून राबून पाठीत वाकलेली. दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की लग्नानंतर कित्येक वर्षं फोनवर खुद्द नानाच फसायचे. नाना एसटीने यावलला गेले आणि अक्कांसमोर फोन धरून बसले. अक्का तोंड उघडेनात. "कोनाले बोलू? ह्या डब्ब्याले?" दुपार अशीच गेली. शेवटी नानांच्या लक्षात आलं की म्हातारी रागावली की मोकळी बोलते. मग काय, नाना मुद्दाम चुकायचे, पाणी सांडायचे, पंखा जोरात लावायचे, आणि फोन चालू ठेवायचे.

त्यामुळे सगळे शब्द रागातच रेकॉर्ड झाले. आठ-दहा फेऱ्या मारून नानांनी तीनशेवर वाक्यं गोळा केली. भुकेच्या चित्राला बोट लावलं की अक्का कडाडायच्या, "भूक लागली मले! तोंडाकडे काय पाहू राह्यला?" पंख्याला लावलं की, "बंद कर तो पंखा, थंडी वाजी राह्यली!" आणि एक नुसतंच, "मले कंटाया आला."

काकूंनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथे होते. आधी त्या दचकल्या. मग परत बोट लावलं. मग हसायला लागल्या, वाकड्या झालेल्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आणि त्यानंतर दिवसभर नवऱ्याला झोडपत बसल्या. "तोंडाकडे काय पाहू राह्यला?" नाना दर वेळी "हो, आणतो, आणतो" म्हणून पळायचे. झटका आल्यापासून त्या घरात भांडण नव्हतं, ते परत आलं. मला वर मीटिंगमध्ये पुन्हा माइक बंद करावा लागला. इतकं बरं वाटलं मला!

नानांचा फोन तोवर गच्च भरला होता. "साहेब, फोनमधली रेकॉर्डिंगं पुसली तर चालतील का?" मी म्हटलं, तुमची प्रत जिथे आहे त्या साइटवर चढवलीत ना, मग पुसा खुशाल. त्यांनी परत म्हणून दाखवलं आणि पुसली.

पौषात अक्का वारल्या. काकूंना यावलला नेता आलं नाही. त्या तेरा दिवस फोन छातीशी धरून होत्या आणि मधूनच कुठल्याही चित्राला बोट लावायच्या. पाणी नको असायचं, चहा नको असायचा. नाना तरीही पाणी आणून ठेवायचे.

आता ते सांगते.

साइटवर नानांच्या प्रतीच्या डोक्यावर एक ओळ दिसायची, की तुमची प्रत मूळ प्रतीच्या एवढे एवढे बदल मागे आहे. आम्ही अशा ओळींकडे ढुंकून बघत नाही. पण ज्याचा जन्म पॅनलवरचे दिवे बघण्यात गेला त्याला ती कशी बघवणार? "साहेब, मागे राहिलेलं बरं नाही ना?" मी म्हटलं, सिंक नावाचं बटण आहे, मूळ प्रतीतले नवे बदल आपल्या प्रतीत आणतं, दाबा कधीतरी. ते म्हणाले, तुम्ही फोनवर असाल तेव्हाच दाबीन.

त्या दिवशी सकाळी माझं प्रेझेंटेशन होतं. नानांचा फोन दोनदा कट केला, तिसऱ्यांदा वैतागून घेतला. एका कानात मॅनेजर, दुसऱ्या कानात नाना.

"साहेब, सिंक दाबतो... दाबलं. आता दोन बटणं आली. हिरव्यावर लिहिलंय पुल रिक्वेस्ट. दुसरं लाल अक्षरात आहे. डिस्कार्ड, पुढे तीनशे बारा. कोणतं?"

हिरवं दाबलं असतं तर त्या परदेशातल्या बाईला उगीच निरोप गेला असता, एवढंच माझ्या अर्ध्या डोक्यात आलं. "हिरवं नको," मी म्हटलं. "दुसरं."

"हिरवं नको. लाल अक्षरातलं. डिस्कार्ड तीनशे बारा. दाबू का?"

बघा, किती स्वच्छ विचारलं होतं. लहान पोरालाही कळावं असं. आणि मी म्हटलं, "दाबा हो नाना, दाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"दाबलं. अकरा वाजून अठरा मिनिटं."

डिस्कार्ड म्हणजे फेकून द्या. तीनशे बारा बदल म्हणजे नानांचं सगळं काम, पहिल्या 'आंग धुवाचं'पासून अक्कांच्या शेवटच्या वाक्यापर्यंत. ॲप त्या प्रतीवरूनच चालायचं, त्यामुळे फोनमध्येही काही उरलं नाही.

संध्याकाळी खाली गेले तर काकू कॉटवर बसून चित्रांना बोट लावत होत्या. टब. "कृपया, मला स्नान करावयाचे आहे." पुढचं चित्र. "कृपया, मला जल हवे आहे." त्या एकामागून एक चित्र लावत होत्या, शेवटपर्यंत जाऊन परत पहिल्यापासून. त्या बहीण शोधत होत्या. बघवत नव्हतं.

सकाळचं सगळं क्षणात लक्षात आलं. आणि मी काय म्हटलं असेल?

"नाना, काय दाबलंत तुम्ही?"

एवढं वाक्य निघालं माझ्या तोंडून. नाना उठले, लॉगबुक आणलं, त्या दिवसाचं पान काढलं. मला समोरून उलटं का होईना, स्पष्ट दिसत होतं, '११.१८. डिस्कार्ड दाबले. साहेबांच्या सांगण्यावरून.' नानांनी ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघायला लागले. मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि शेवटचे दोन शब्द खोडले. कंट्रोल रूमच्या उभ्या नोकरीत लॉगबुकात खाडाखोड केली नाही, हे मला त्यांनीच कितीदा अभिमानाने सांगितलं होतं.

"माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल," म्हणाले. "तुम्ही कामात होता, साहेब."

तेव्हा 'नाही नाना, मीच सांगितलं' एवढं म्हणायला काय झालं होतं मला? जीभ झडली होती? मी म्हटलं, "बघते, काढता येतं परत. रविवारी बघते."

आणि ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागतं. साइट अशी टाकून दिलेली कामं काही काळ सांभाळून ठेवते. वेळेत शोधलं तर मिळण्याची बरीच शक्यता असते, दोन तास बसावं लागतं इतकंच. पण बसायचं म्हणजे मी काय सांगितलं होतं ते पुन्हा डोळ्यांसमोर आणायचं. तो रविवार गेला. दुसरा गेला. नानांनी दोनदा विचारलं, तेही जिन्यात, हळूच, "साहेब, जमलं का?" मग विचारणंच सोडलं. मी जिन्याने जायची वेळ बदलली. ऑफिसचं रिलीज आलं, लग्नसराई आली. चार महिन्यांनी एकदाची बसले. दिवसभर शोधलं. काहीही हाती लागलं नाही.

नानांना ते सांगायला गेले तर ते फोनवर बोलत होते. फोनशी, म्हणजे. "मले च्या पाह्यजे," असं म्हणून रेकॉर्ड करत होते. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली होती, या वेळी स्वतःच्या आवाजात. काकूंनी महिनाभर त्याला हात लावला नाही. पुढे लावायला लागल्या, करतात काय. भूक लागली की काकू बोट लावायच्या आणि नानांचाच जाड आवाज म्हणायचा, "भूक लागली मले." मग नाना म्हणायचे, "आणतो." त्यांनी अक्कांसारखं रागावून बोलायचा प्रयत्न केला होता, पण त्यांना काही रागावता येईना. वरून मला ऐकू यायचं ते असं, की एकच माणूस दिवसभर स्वतःलाच काहीतरी मागतो आहे आणि स्वतःच देतो आहे.

यातून एक मात्र झालं. काकूंच्या फिजिओथेरपीवाल्याने ते ॲप पाहिलं आणि धुळ्याच्या त्याच्या मित्राला सांगितलं. त्याच्याकडे असे बरेच पेशंट. त्यांच्या घरच्यांना नानांनी शिकवावं, ज्याने त्याने आपल्या माणसाच्या बोलीतली प्रत करून घ्यावी, असं ठरलं. नाना मला म्हणाले, "साहेब, तुम्ही पाहिजे बरं का." मी नाही म्हणू शकले नाही. माझ्याच गाडीने आम्ही धुळ्याला गेलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रस्ताभर मी मनात जुळवत होते, आज सांगायचं, आता सांगायचं. नाना खिडकीतून कपाशी बघत होते. "यंदा बोंडं बरी दिसतात," म्हणाले. मी म्हटलं, "हो." संपलं.

दवाखान्याच्या वरच्या खोलीत चौदा माणसं बसली होती. कोणाची आई आजारी, कोणाचा नवरा. कम्प्युटरशी संबंध म्हणाल तर फोनवर व्हिडिओ बघणं एवढाच. एक बाई उभी राहून वडिलांबद्दल म्हणाली, "मना आबाले बठ्ठं समजस, पन बोलता येत नही." आणि रडायला लागली. नानांनी तिला पाणी दिलं आणि प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेल्या चित्रावर फूटपट्टी ठेवली.

काय सुंदर शिकवत होते! फोर्क म्हणजे काय, आतलं आपलं, बाहेरचं त्यांचं. चौदा माणसांनी चौदा फोर्क केले, बटणाचं नाव मोठ्याने म्हणून मग दाबत. मग नानांनी ती लाल अक्षरं दाखवली.

"हे दिसलं की हात मागे घ्यायचा. मी इथे चुकलो. आमच्या घरच्यांच्या बहिणीचा आवाज होता, ती बाई आता नाही. एका बटणात घालवला मी तो."

मघाची बाई म्हणाली, "तुमले सांगाले कोनी नही व्हतं का, नाना?"

मला वाटलं, आता. आणि खरं सांगते, एक क्षण मला बरंही वाटलं, की आता हा माणूस सांगेल आणि सुटेन मी एकदाची.

"होतं ना," नाना म्हणाले. "या काय बसल्यात, आमच्या साहेब. यांनीच मला सगळं शिकवलं. पण त्या दिवशी मी यांना न विचारताच दाबलं."

चौदाही जणांनी वळून माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने. शेजारच्या आजोबांनी आपली खुर्ची सरकवून मला पंख्याखाली जागा करून दिली. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते फूटपट्टी हातात धरून, पाठमोरे उभे होते, मी काही बोलते का म्हणून थांबल्यासारखे.

मी हो म्हणून मान हलवली.

"तर पुढे," नाना म्हणाले.